मंद्रूपचं समन्स

सिद्धाप्पा लवटे सोलापुरात एका दिवाणी कोर्टात बेलिफ होते. समन्स निघालं की ज्याच्या नावाचं असेल त्याच्या दारात जायचं, त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची आणि बजावणी झाल्याचं कोर्टाला कळवायचं, हे त्यांचं काम. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस. बाप आणि चुलते मेंढरांमागं रानोमाळ फिरले, हे समन्स घेऊन फिरले. "फिरायचं काय सुटलं न्हाय आपल्याला," असं ते हसून म्हणायचे.

पूर्वी हे काम फार रेंगाळायचं. समन्स एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत बेलिफापर्यंत यायलाच कितीतरी दिवस जायचे. मग एसटीची वाट बघा, गावात पोचा, तर माणूस रानात नाहीतर परगावी. तारखेला न्यायाधीशांपुढं एकच उत्तर, समन्स बजावून आलेलं नाही. की पुढची तारीख. अशा तारखांपायी गावाकडची माणसं हेलपाटे घालून घालून दमायची, आणि दर हेलपाट्याला दिवसाची मजुरी बुडायची.

गेल्या काही वर्षांत हे पालटलं. अर्ज ऑनलाइन दाखल व्हायला लागले. वकील लावायची ऐपत नसलेल्यांसाठी तळमजल्यावर मदतीची खिडकी निघाली, तिथं फुकट अर्ज भरून मिळायचा. साक्षीदारांना पडद्यावरून साक्ष देता येऊ लागली. बेलिफांनाही मोबाईल मिळाले. समन्स फोनवर यायचं, बेलिफ दारात उभा राहिला की फोनच जागेची नोंद घ्यायचा, फोटो काढायचा, काचेवरच सही घ्यायचा. दिवस मावळायच्या आत कोर्टाला कळलेलं असायचं.

बाकीच्या बेलिफांनी सुरुवातीला नाकं मुरडली. फोन म्हणजे पाळत, असं त्यांचं म्हणणं. सिद्धाप्पांना मात्र ते यंत्र मनापासून आवडलं. निवृत्ती जवळ आली होती, तरी ते सगळ्यांच्या आधी शिकले. रात्रीच्या जेवणाला बायकोला, केराबाईला सांगायचे, "आता कुनाला चुकवायला जमत न्हाय बघ. आज समन्स निघालं, परवा बजावलं. गरिबाचं लई काम झालं."

केराबाई ऐकून घ्यायच्या आणि भाकरी वाढायच्या.

त्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता. बाजाराला माणसं गावात सापडतात म्हणून सिद्धाप्पा त्या भागातली समन्सं त्याच दिवसासाठी ठेवायचे. शिवाय त्यांची एकुलती एक लेक, प्रियंका, मंद्रूपलाच दिलेली होती. जावई बिरुदेव बंडगर टेम्पोवर होता. शेरडं-मेंढरं बाजारात पोचवायचा, घरची थोडी जमीनही होती. मुलगा निर्व्यसनी, बोलायला मऊ. चार वर्षांची नात होती, आरोही. काम संपलं की लेकीकडं चहा प्यायचा आणि मग मोटरसायकलवरून घरी, असा सिद्धाप्पांचा नेम असायचा.

दुपारी बाजारात एका व्यापाऱ्याची सही घेऊन ते कडुलिंबाखाली उभे होते, तेवढ्यात कचेरीतून फोन आला. नवीन कारकून होता, नुकताच बदलून आलेला.

"लवटेकाका, एक तातडीचं टाकलंय तुमच्या फोनवर. मंद्रूपचंच आहे. तारीख जवळची मिळालीय. तुम्ही तिथं आहातच, तर तिथंच प्रिंट काढून आजच बजावून टाका की."

"टाकतो की. त्यात काय."

स्टँडजवळ मायाप्पाचं झेरॉक्सचं दुकान होतं. सिद्धाप्पा त्याच्याकडं नेहमी जायचे. त्यांनी न वाचताच समन्स मायाप्पाच्या फोनवर पाठवलं. मशीन घरघरलं, कागद बाहेर आला. मायाप्पानं तो उचलला, देता देता त्याची नजर पडली आणि हात तसाच थांबला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "हे बिरूचं हाय की."

"कुठला बिरू?"

"तुमचा. तुमचा जावई."

सिद्धाप्पांनी कागद घेतला. टेम्पोचं काहीतरी असेल, कुणाला धडक बसली असेल, अशी त्यांची पहिली समजूत झाली. चष्मा सारखा करून ते वाचायला लागले. असली समन्सं वाचण्यात त्यांची हयात गेली होती, कुठल्या ओळीत काय असतं ते डोळे मिटून सांगितलं असतं. आधी अर्जदाराचं नाव असतं. तिथं लिहिलं होतं, सौ. प्रियंका बिरुदेव बंडगर, राहणार मंद्रूप. त्याखाली गैरअर्जदार, बिरुदेव. आणि त्याखाली विषय, क्रूर वागणुकीच्या कारणावरून घटस्फोट मिळण्याबाबत.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकाच गावात एका नावाची दोन माणसं असतात, असं मनाशी म्हणून पत्ता वाचला. पत्ता त्याच घराचा होता. ज्या घरी त्यांना आता चहाला जायचं होतं त्याचा.

"बसा, बसा पाव्हणं," मायाप्पानं स्टूल पुढं ढकललं. सिद्धाप्पा कधी बसले ते त्यांना कळलं नाही. कुणीतरी हातात पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी धरला आणि तसाच धरून राहिले. बाहेर बाजार चालू होता. कांदेवाला ओरडत होता. सिद्धाप्पांना ते सगळं पलीकडच्या गल्लीत चालल्यासारखं ऐकू येत होतं.

"बिरूनं कायतरी केलं व्हय?" मायाप्पा हळूच म्हणाला.

"मायाप्पा, हे कुनाला बोलू नगंस."

"छ्या. मी कशाला बोलू?" मायाप्पा म्हणाला खरा, पण बोलता बोलता त्याचं लक्ष गल्ल्यावरच्या मोबाईलकडं गेलं.

कागद खांद्यावरच्या पिशवीत घालून सिद्धाप्पा रस्त्याच्या कडेला आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"केरा, हितं एक समन्स आलंय. प्रियंकाच्या नावाचं. म्हंजे तिनं बिरूवर..."

केराबाई म्हणाल्या, "आलं? इतक्यात?"

सिद्धाप्पांनी फोन कानापासून काढून त्याच्याकडं बघितलं, आपण भलत्याच कुणाला फोन लावला की काय म्हणून. परत कानाला लावला.

"तुला ठावं हुतं?"

"मीच गेले हुते की अर्जाला. तुमच्याच कोर्टात. तुमी अक्कलकोटकडं गेल्यावर."

"तू? कोर्टात?"

"खाली ती खिडकी हाय न्हवं, तितं. तुमीच सांगत हुतासा, गरिबाचं फुकट काम हुतंय म्हनून. तितल्या बाईनं मला बसवलं, सगळं इचारलं. वकीलबाई बी त्यांनीच दिली. प्रियंका वकीलबाईसंगं फोनवरनं बोलायची, बिरू टेम्पो घेऊन गेला की. सही करायला म्हनून मी तिला कानाच्या दवाखान्याचं निमित्त करून आनली हुती."

"कानाला काय झालंय?"

केराबाईंचा आवाज बदलला. "निमित्त बी न्हवतं वो ते. डावा कान गेलाय तिचा. मारून मारून पडदा फाटलाय. तुमच्यासंगं बोलताना रेंज न्हाय, मोठ्यानं बोला म्हनत्या न्हवं? रेंज चांगली हाय तितं."

एक बैलगाडी जवळून गेली, गाडीवानानं राम राम घातला, तो सिद्धाप्पांना ऐकूच आला नाही.

"ऐकताय का?" केराबाई म्हणत होत्या. "ते समन्स त्याला देऊ नगा आज! पोरगी अजून त्याच घरात हाय. तुमी म्हनायचा परवा बजावतो, पर आमाला वाटलं तारीख-बिरीख पडूस्तवर महिना तरी जाईल. वकीलबाई म्हनली हुती आधी भाईर पड. मी पुढच्या आठवड्यात तिला आननार हुते, भाच्याच्या जावळाला म्हनून. त्याला आजच कळलं तर त्यो तिला..."

"ठेव फोन," सिद्धाप्पा म्हणाले. "मी जातो."

जायच्या आधी त्यांनी नाझरसाहेबांना फोन केला. बेलिफांची सगळी कामं नाझर वाटून द्यायचे. सिद्धाप्पांचा आवाज ऐकूनच साहेब म्हणाले, "काय झालं हो लवटे?"

"साहेब, आत्ता आलेलं समन्स माझ्या जावयाचं हाय. अर्ज माझ्या लेकीचा हाय."

"काय सांगताय!" नाझरसाहेब म्हणाले. "अहो, त्या नव्या कारकुनाला तुमच्या लेकीचं सासरचं नाव कसं माहीत असणार? गावावरून वाटणी होते आता, ते थेट तुमच्याकडंच गेलं. हे बघा, तुम्ही ते बजावू नका. तसं चालतही नाही. परत पाठवा, मी दुसऱ्याला देतो. आणि लवटे..."

"जी?"

"लेक कुठं आहे?"

"त्याच्याच घरात."

"मग फोनवर काय बोलत बसलात? जा तुम्ही. दुपारची रजा मी टाकतो."

बंडगरांचं घर गावाच्या टोकाला होतं. सिद्धाप्पांनी मोटरसायकल अलीकडंच लावली आणि चालत गेले. दारापुढं टेम्पो उभा होता, म्हणजे बिरुदेव घरी होता. अंगणात प्रियंका दाराकडं पाठ करून ज्वारी पाखडत बसली होती. सुपाचा आवाज तालात येत होता. सिद्धाप्पा तिच्या डाव्या अंगाला थोड्या अंतरावर थांबले.

"प्रियंका," त्यांनी हाक मारली.

ती पाखडतच राहिली.

ते अजून पुढं झाले. एरवी माणसाची चाहूल लागेल इतक्या जवळ. "प्रियंका."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

मघाशी फोनवर ऐकलं तेव्हा ती एक बातमी होती. आता लेक हाताच्या अंतरावर बसली होती आणि बापाची हाक तिच्यापर्यंत जात नव्हती. ते वळसा घालून समोर आले तशी ती दचकली आणि सूप कलंडून ज्वारी अंगणभर झाली.

"आप्पा! कवा आलासा?"

तिनं चटकन पदर पुढं ओढला. डाव्या बाजूनं. हीही तिची जुनी सवय होती, आणि इतके दिवस सिद्धाप्पांनी ती लेकीची लाज समजून बघितली होती.

"समन्स आलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा ते उजव्या बाजूला वाकून पुन्हा म्हणाले, "समन्स आलंय. माझ्याकडंच आलं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना त्यांना दिसला. "आज? आप्पा, आज कसं? अजून..." तिनं आतल्या दाराकडं बघितलं. "त्यांना दिलंसा?"

"न्हाय. चल. आत्ता चल माझ्यासंगं."

"आरोही अंगणवाडीत हाय."

"वाटंत घेऊ."

तेवढ्यात तिची सासू सोनाबाई बाहेर आली. "अगं बया, पाव्हणं! बसा की. ए बिरू, ऊठ, तुजं सासरं आल्यात." आणि प्रियंकाला म्हणाली, "ज्वारी सांडली व्हय गं? च्या टाक आदी."

बिरुदेव डोळे चोळत आला. झोपेतून उठलेला, बनियनवर. सासऱ्यांना बघून ओशाळला, आत जाऊन शर्ट घालून आला, खुर्ची पुसून पुढं केली. "मामा, ऊन लई हाय आज. गाडी दिसंना तुमची. फोन करायचा न्हवं, मी टेम्पो घेऊन स्टँडवर आलो असतो."

सिद्धाप्पा त्याच्याकडं बघत राहिले. त्या चेहऱ्यात काहीतरी वेगळं दिसेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही नव्हतं. दर महिन्याला दिसणारा तोच हसरा, अदबशीर पोरगा. त्याच्या हातांकडं त्यांची नजर गेली. साधे हात होते, टेम्पोच्या स्टिअरिंगवर घट्टे पडलेले. या हातांनी, असं त्यांच्या मनात आलं आणि पुढं विचार सरकेना.

"बिरू," ते म्हणाले, "प्रियंकाला आन पोरीला चार दिस घेऊन जातो म्हनतो."

"आज? एकाएकी?"

"तिच्या आईला बरं न्हाय."

"अगं बाई, काय झालं?" सोनाबाई म्हणाली.

बिरुदेव म्हणाला, "मग मी सोडतो की टेम्पोनं. संध्याकाळी जाऊ सगळी. मी बी बघून येतो मामींना."

प्रियंका चहाचा कप घेऊन आली, तो सिद्धाप्पांनी हातात घेतला. तेवढ्यात बिरुदेवच्या खिशातला फोन वाजला.

"बोल की मायाप्पा," तो म्हणाला.

अंगणात सगळे उभे होते तसे राहिले. बिरुदेव ऐकत होता. एकदा "कुनाचं?" म्हणाला. मग "कुनी सांगितलं तुला?" मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्यानं फोन खिशात ठेवला तेव्हा तो अजून थोडासा हसतच होता.

"मामा," तो म्हणाला, "पिशवीत काय हाय?"

सिद्धाप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "समन्स हाय. तुझ्या नावाचं. पर ते मी तुला देनार न्हाय, मला त्यो हक्क न्हाय. दुसरा बेलिफ येईल. मी आज बाप म्हनून आलोय. लेकीला घेऊन चाललोय."

बिरुदेवनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो प्रियंकाकडं वळला. "कोर्टात गेलीस तू?" आवाज अजूनही मऊ होता. "माझ्या घरात बसून माझ्यावर कोर्टात गेलीस?"

ती मागं सरली. मागं भिंत होती. बिरुदेवचा हात वर गेला, इतका सहज, की रोजच्या कामाला जावा तसा. सिद्धाप्पा मध्ये गेले. हात थांबला नाही. तो त्यांच्या गालावर आणि कानशिलावर बसला, चष्मा उडून सांडलेल्या ज्वारीत पडला.

"बिऱ्या!" सोनाबाई किंचाळली. "सासरा हाय रं त्यो!"

बिरुदेव स्वतःच्या हाताकडं बघत उभा राहिला. शेजारच्या घरातली बाई कुंपणापाशी येऊन थबकली होती. सिद्धाप्पांच्या कानात शीळ वाजल्यासारखा आवाज घुमत होता आणि डोळ्यांपुढं काजवे होते. आयुष्यात त्यांना शिव्या खूप मिळाल्या होत्या. समन्स घेऊन गेल्यावर लोकांनी कुत्री सोडली होती, कागद तोंडावर फेकला होता. पण हात कुणी उचलला नव्हता. एका फटक्यानं माणूस असा आतून हलतो हे त्यांना माहीत नव्हतं. आणि लेक हे कितीदा सोसत आली होती.

त्यांनी चाचपडत प्रियंकाचं मनगट धरलं. "चप्पल घाल."

ती चप्पल शोधत होती. तिनं चप्पल घातली, खाली वाकून बापाचा चष्मा उचलला आणि चालायला लागली. मागून बिरुदेव काहीतरी बोलला. दोघांनीही वळून बघितलं नाही. शेजारीण कुंपणापासून बाजूला झाली नाही, ती तिथंच उभी राहून बिरुदेवकडं एकटक बघत होती, आणि कदाचित त्यामुळंच तो अंगणाबाहेर आला नाही.

वाटेत प्रियंका म्हणाली, "आप्पा, आत्या आज पहिल्यांदा वरडल्या."

लेकीवर हात पडताना सोनाबाई कधीच ओरडली नव्हती, हा त्याचा अर्थ सिद्धाप्पांना कळायला चार पावलं लागली.

अंगणवाडीच्या ताईंनी त्यांना येताना बघितलं. बापाचा सुजलेला गाल बघितला, प्रियंकाकडं बघितलं. काही न विचारता आरोहीला उठवून आणलं, तिचं दप्तर गळ्यात अडकवलं. "घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "लई बरं केलंसा. आमी म्हनायचो, हिच्या म्हायेरचं कुनी न्यायला कसं येत न्हाय."

"मी दर महिन्याला येत हुतो," सिद्धाप्पा म्हणाले.

ताई आरोहीच्या दप्तराचा पट्टा सारखा करत राहिल्या. गावाला माहीत होतं. मायाप्पाला माहीत असणार, म्हणून तर त्यानं तो प्रश्न विचारला. कुंपणाजवळच्या बाईला, अंगणवाडीला, सगळ्यांना. फक्त दर महिन्याला येऊन चहा पिऊन जाणाऱ्या बापाला नाही.

आरोहीला टाकीवर पुढं बसवून आणि लेकीला मागं घेऊन ते सोलापूरला आले. घराच्या दारात केराबाई उभ्याच होत्या. त्यांनी नवऱ्याचा गाल बघितला, नातीला कडेवर घेतलं आणि लेकीला आत नेऊन तिच्यापुढं ताट ठेवलं.

जेवण झाल्यावर सिद्धाप्पांनी विचारलं. दोघींनाही विचारलं, पण बघत होते ते जमिनीकडं. "मला का न्हाय सांगितलंसा? मी कोर्टातला मानूस. सगळ्यात आदी मला सांगायचं."

केराबाई म्हणाल्या, "तुमी कोर्टातलं घरात येऊन सांगता न्हवं रोज? एकदा जेवताना सांगत हुतासा, एक बाई आली हुती म्हनून, त्वांड सुजलेली. तुमी म्हनलासा, हिनं उंबऱ्यातलं भांडान कोर्टात न्हेलं, आता झालं हिचं नांदून. आन हसलासा."

"कवा?"

"प्रियंका आली हुती तवा. लगीन हून वरीस झालं हुतं. ती सांगायलाच आली हुती. ताटावर बसली हुती हितंच."

सिद्धाप्पांना ती संध्याकाळ आठवेना. ती बाईही आठवेना. अशा कितीतरी बाया त्यांनी बघितल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कितीतरी बोलले होते. त्यांनी लेकीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. त्यांना म्हणायचं होतं की तसा माझा अर्थ नव्हता. पण तसाच होता, हेही त्यांना कळत होतं. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं प्रियंका आली आणि शेजारी बसली. उजवा कान त्यांच्याकडं येईल अशी बसली.

"दुखतंय व्हय?" तिनं गालाकडं बघून विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि त्यांना रडू फुटलं.

दोन दिवसांनी कोंडीबा नावाच्या दुसऱ्या बेलिफानं मंद्रूपला जाऊन समन्स बजावलं. बिरुदेवनं निमूट सही केली म्हणे. त्याच आठवड्यात सिद्धाप्पा परवानगी घेऊन न्यायाधीशांना भेटले. आयुष्यभर त्या दालनात ते कागद घेऊन गेले होते, स्वतःचं बोलायला कधी गेले नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "समन्स लवकर जातं हे लई चांगलं हाय. माझी बायको अडाणी, ती बी फुकटात अर्ज करून आली. हे पूर्वी झालंच नसतं. पर साहेब, समन्स सोडायच्या आदी एवढं इचारायला पायजे, बाई कुटं हाय? अजून त्याच घरात हाय का? आमच्या वेळंला महिना लागायचा, त्या महिन्यात बाई माहेरी जायची. आता समन्स बाईच्या आदी पोचतंय."

न्यायाधीशांनी त्यांच्या गालाकडं बघितलं. तिथला डाग अजून गेला नव्हता. त्यांनी नाझरला बोलावून घेतलं. तेव्हापासून त्या कोर्टात अशा प्रकरणात समन्स फोनवर सोडण्याआधी खिडकीवरून अर्जदार बाईला फोन जायला लागला. तुम्ही सुरक्षित ठिकाणी आहात का, एवढाच प्रश्न. ती हो म्हणेपर्यंत समन्स थांबायचं.

खटला चालला. बिरुदेवनं वकील दिला, आरोप नाकारले. प्रियंका म्हणते तसं काही घडलंच नाही, ती धडपडली होती, असं त्याचं म्हणणं. कानाच्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची होती. पूर्वी डॉक्टरांना दवाखाना सोडून यायला सवड व्हायची नाही आणि त्यापायी तारखा पडायच्या. या वेळी ते पहिल्याच तारखेला पडद्यावर हजर झाले, मागं दवाखान्याची हिरवी भिंत दिसत होती.

सिद्धाप्पा मागच्या बाकावर बसले होते. पक्षकारांचे नातेवाईक बसतात त्या बाकावर. डॉक्टर शांत आवाजात सांगत होते. पडदा एकदा फाटलेला नाही. एकदा फाटून भरत आलेला, त्यावर पुन्हा मार बसलेला, पुन्हा भरत आलेला, पुन्हा मार. अशा जुन्या-नव्या खुणा आहेत. धडपडून असं होत नाही. असा मार समोरच्या माणसाच्या उजव्या उघड्या तळहातानं बसतो.

सिद्धाप्पांनी बाकाची कड धरली. एकदा मार बसला, असंच त्यांनी धरलं होतं. फार तर दोनदा. घरी कुणी त्यांना हे सगळं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारायचं धाडस केलं नव्हतं. आता भरल्या कोर्टात, पडद्यावरून, एक अनोळखी माणूस त्यांना त्यांच्या लेकीबद्दल सांगत होता. शेजारचा पट्टेवाला वाकून म्हणाला, "काका, बाहेर बसता का थोडं?" त्यांनी नको म्हटलं. शेवटपर्यंत ऐकलं.

त्यानंतर बिरुदेवच्या वकिलानं फार ताणलं नाही. वर्षाच्या आत निकाल लागला. घटस्फोट मंजूर झाला, आरोहीचा ताबा आईकडं राहिला. निकाल ऐकून प्रियंकानं वकीलबाईंचे हात धरले. केराबाई देवाचं नाव घेत भिंतीला टेकल्या.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. सिद्धाप्पा दोघींना वाट करून देत चालले होते, तोच समोरून बिरुदेव आला. एकटाच होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. तो बाजूनं निघून जाईल असं सिद्धाप्पांना वाटलं. तो थांबला, आणि लग्नानंतर घरी येणारा जावई वाकतो तसा वाकून त्यानं सिद्धाप्पांच्या पायांना हात लावला.

"येतो मामा," तो म्हणाला.

सिद्धाप्पांचा पाय आपोआप मागं गेला. बिरुदेवच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती, काहीच नव्हतं. रीत होती म्हणून त्यानं केलं आणि गर्दीतून निघून गेला. सिद्धाप्पा ज्या जागी होते त्या जागी उभे राहिले. लोक त्यांना धक्का लागू न देता दोन्ही बाजूंनी जात होते.

"आप्पा," प्रियंकानं त्यांच्या दंडाला धरलं, "चला. आरोहीची शाळा सुटायची येळ झाली."

ते तिच्याबरोबर जिना उतरायला लागले.